व्यक्तिचित्र : एका मांजराचे

‘व्यक्ती’, ‘व्यंजना’ आणि ‘अभिव्यक्ती’ हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. ‘अञ्ज्’ या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागला की प्रकट होणे, उघड होणे असा अर्थ सिद्ध होतो. साहित्यशास्त्र शिकवताना ही व्युत्पत्ती मी वर्गात अनेकदा सांगितली. तिचा एक उपसिद्धान्त मात्र मला सुचला तो कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर एका मांजराच्या चित्रामुळे. व्यक्ती म्हणजे जे प्रकट होते ते, असे मानले तर व्यक्तिचित्राचा विषय मनुष्यच असला पाहिजे असे बंधन निदान शब्दाने घातलेले नाही. ज्याच्या ठायी काही आतले आहे आणि ते देहावर उमटते, त्याचे व्यक्तिचित्र होऊ शकते. असे असूनही मांजराचे, कुत्र्याचे किंवा पिंजऱ्यातील पोपटाचे व्यक्तिचित्र म्हटले की सुसंस्कृत वाचकाच्या ओठांवर किंचित हसू उमटते. हे हसू कशामुळे येते, याचा विचार करावा असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे.

एक कारण उघड आहे. आपल्या परंपरेत प्राणी विपुल आहेत, पण ते बहुधा दुसऱ्या कशाचे तरी प्रतिनिधी म्हणून येतात. मामल्लपुरम येथील सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटावर, एका कोपऱ्यात, मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पाय वर केलेले एक मांजर आहे. त्याच्या पोटाच्या बरगड्या तपाने दिसू लागल्या आहेत आणि पायाशी उंदरांचा मेळावा आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला जी दांभिक मांजराची कथा ऐकवतो, तीच परंपरा येथे दगडात उतरली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात कोलकात्याच्या कालीघाट पटांत हेच मांजर कपाळी वैष्णव टिळा लावून, तोंडात कोळंबी किंवा मासा धरून अवतरते. जामिनी राय यांनीही कोळंबी धरलेल्या मांजरांची चित्रे काढली. ही सारी चित्रे उत्तम आहेत. कालीघाटच्या पटकाराने तर चार-दोन वळणदार रेषांत मांजराच्या देहाचा सगळा लवचिकपणा पकडला आहे. परंतु ते मांजर कोणाचे होते, हा प्रश्न तेथे विचारता येत नाही. ते मांजर म्हणजे ढोंगी माणूस. आपली भाषाही याच मार्गाने गेली आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला मांजराविषयी काहीच सांगायचे नसते.

याच्या उलट टोकाला दुसरी, क्षीण पण अखंड अशी एक धारा आहे. तिच्यात प्राण्याला नाव असते. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे मिळालेला इ.स. ९४९-५०च्या सुमाराचा वीरगळ या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि त्याचा साहाय्यक गंगराजा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणभूमीवर चोळांचा पराभव केला, तेव्हा पराक्रम गाजवणाऱ्या मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून जहागीर न मागता बूतुगाचे ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले. हे कुत्रे पुढे एका रानडुकराशी झुंजले आणि दोघेही मेले. मणलेराने दगड उभारला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरवली, जमीन लावून दिली आणि त्या दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असे लिहून ठेवले. एका महायुद्धाचा ऐतिहासिक पुरावा म्हणून अभ्यासक ज्या लेखाकडे जातात, तो कोरला गेला एका कुत्र्याच्या निमित्ताने, हे विसरण्यासारखे नाही.

जहांगीराच्या दरबारात या धारेला चित्रकलेचे पूर्ण ऐश्वर्य लाभले. बाबराने आपल्या आत्मचरित्रात प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेतली नाहीत, अशी जहांगीराची तक्रार होती. १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व प्राणी घेऊन परतला, त्यांत टर्की पक्षी होता. बादशहाने तो चित्रित करवला, जेणेकरून ऐकणाऱ्याचा विस्मय पाहण्याने वाढावा. उस्ताद मन्सूरचे झेब्र्याचे चित्र १६२१ मधले. त्या चित्रात पार्श्वभूमी जवळजवळ नाही. पट्ट्यांची संगती, मान खाली घालण्याची रीत आणि डोळ्यातली परकेपणाची छाया, एवढेच आहे. याच बादशहाने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती, त्यांची नावे लैला आणि मजनू अशी ठेवली होती आणि त्यांच्या मीलनापासून अंडी उबवण्यापर्यंतच्या नोंदी आपल्या स्मृतिग्रंथात केल्या होत्या. नाव काव्यातले, पण नोंद डोळ्यांनी पाहिलेली. नाव देण्यातील ममता आणि पाहण्यातील तटस्थता या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, याचा हा दाखला आहे. आणि प्राण्याच्या व्यक्तिचित्राची खरी गरज नेमकी याच दोन गोष्टींची असते.

ममता एकटी राहिली की काय होते, याचे उदाहरणही आपल्या इतिहासात आहे. ग्रँट डफने नोंदवल्याप्रमाणे साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी आपल्या लाडक्या कुत्र्याला भरजरी वस्त्रे आणि अलंकार घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली होती. कुत्र्याने आपला जीव वाचवला म्हणून व्यक्त झालेली ती कृतज्ञता आहे, असे परंपरा सांगते आणि तीत हसण्यासारखे काही नाही. पण पगडी घातलेला कुत्रा पाहताना आपण पगडी पाहतो, कुत्रा पाहत नाही. आज शहरांतून पाळीव प्राण्यांची चित्रे छायाचित्रांवरून करून देणाऱ्या कलावंतांकडे ज्या मागण्या येतात, त्यांतल्या अनेक या पगडीच्याच जातीच्या असतात. माझी एक पुतणी हा व्यवसाय करते. बोक्याला सेनापतीचा पोशाख चढवून द्या, कुत्रा हसताना दाखवा, डोळे जरा मोठे करा, अशी पत्रे तिला नित्य येतात. ती त्यांना विनयाने उत्तरे देते आणि त्यांतील काही कामे स्वीकारतेही, कारण तिला घर चालवायचे असते.

प्रश्न असा, की प्राण्याच्या मुद्रेवर आपण जो भाव वाचतो तो त्याचा की आपला? संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात पशुपक्ष्यांच्या ठिकाणची रती ही रसाची नव्हे तर रसाभासाची कोटी ठरते. तिर्यक् योनीत औचित्य संभवत नाही, असे त्यामागचे गृहीत. काव्याने मात्र हा निर्णय मुकाट्याने मानला नाही. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात वसंत अवतरतो तेव्हा भ्रमर, मृग आणि हत्ती यांच्या परस्परप्रीतीची जी वर्णने येतात, ती वाचताना कोणाही रसिकाला आपण आभासात वावरत आहोत असे वाटत नाही. त्याहून मोठा विरोधाभास असा, की अभिनवगुप्ताला रसप्रतीतीचे स्वरूप विशद करायचे होते तेव्हा त्याने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, बाणाच्या भयाने पळणारे हरिण निवडले. रसचर्चेच्या ऐन गाभ्यात एक भयभीत प्राणी उभा आहे. मात्र अभिनवगुप्ताचा मुद्दा असा, की ती भीती त्या विशिष्ट हरिणाची उरत नाही, माझी होत नाही, मित्राची वा शत्रूचीही नसते. देशकालाची बंधने गळून पडलेली ती केवळ भीती असते.

काव्याला हे साधारणीकरण पुरते. व्यक्तिचित्राला ते पुरत नाही. व्यक्तिचित्रातील हरिण ‘ते’ हरिणच राहिले पाहिजे, आणि तरीही त्याची भीती मला भिडली पाहिजे. यशोधराने सांगितलेल्या चित्राच्या सहा अंगांत ‘भाव’ आणि ‘सादृश्य’ ही दोन वेगळी अंगे आहेत, ती बहुधा याचसाठी. सादृश्य विशिष्टाकडे ओढते, भाव सामान्याकडे. मनुष्याच्या चित्रात ही ओढाताण चेहऱ्याच्या परिचयामुळे झाकली जाते. मांजराच्या चित्रात ती उघडी पडते.

पाश्चात्त्य चित्रकलेने ही ओढाताण दोन्ही टोकांनी अनुभवली. लँडसीअरचे १८३७ चे एक चित्र आहे: म्हाताऱ्या मेंढपाळाची शवपेटी आणि तिच्यावर हनुवटी टेकून बसलेला त्याचा कुत्रा. रस्किनने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि प्रेक्षकांनी अश्रू ढाळले. अश्रू खरे होते. पण चित्रातील शवपेटी झाकली तर कुत्र्याच्या मुद्रेत शोक कितपत उरतो, हे पाहण्यासारखे आहे. याउलट गोयाने १७८७-८८च्या सुमारास लाल पोशाखातील एका लहान सरदारपुत्राचे चित्र काढले. मुलाच्या हातातील दोरीला एक पाळीव पक्षी बांधलेला आहे आणि मागच्या अंधारातून मांजरे त्या पक्ष्याकडे पाहत आहेत. त्यांच्या पाहण्यात दुष्टावा नाही, निरागसताही नाही. तेथे फक्त अवधान आहे, आणि त्या अवधानापुढे मुलाचा निर्मळ चेहरा एकाएकी असुरक्षित वाटू लागतो.

लुई वेन या इंग्रज चित्रकाराची कथा यांहून वेगळी आणि अधिक व्याकूळ करणारी आहे. १८८४ मध्ये त्याने लग्न केले. थोड्याच काळात पत्नीला कर्करोगाने गाठले. तिच्या उशाशी बसून तो तिच्या मनोरंजनासाठी पीटर नावाच्या त्यांच्या काळ्या-पांढऱ्या मांजराची रेखाटने करू लागला. १८८७ मध्ये ती गेली. त्यानंतर वेनने आयुष्यभर मांजरेच काढली, चहा पिणारी, पत्ते खेळणारी, चष्मा लावणारी, आणि साऱ्या इंग्लंडने ती डोक्यावर घेतली. १९२४ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्याच्या मृत्यूच्या सुमारास वॉल्टर मॅक्ले या मनोविकारतज्ज्ञाने त्याची काही चित्रे मिळवून, साध्या मांजरापासून भडक भौमितिक नक्षीपर्यंत, अशा क्रमाने लावली आणि हा आजाराच्या प्रगतीचा आलेख असल्याचे प्रतिपादले. ती चित्रमालिका पाठ्यपुस्तकांत पोहोचली. वस्तुतः त्या चित्रांवर तारखा नव्हत्या. क्रम लावणाऱ्याने लावला होता. मांजराच्या मुद्रेत माणसाचा भाव वाचण्याची सवय इतकी बळकट आहे, की येथे मांजराच्या चित्रातून चित्रकाराचे मनच वाचले गेले, आणि तेही आधी ठरवलेल्या अर्थाने.

विज्ञानाने या बाबतीत अधिक संयम दाखवला. डार्विनने १८७२ मध्ये मनुष्य आणि प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने चित्रकारांची मदत घेतली. त्यातील मांजरे वुड यांनी काढली आणि काही कुत्री रिव्हिएर यांनी. चवताळलेले मांजर अंग दबून, शेपूट फटकारत असते. लाडात आलेले मांजर पाठ उंचावून, शेपूट ताठ उभी धरून अंग घासते. देहाची एक ठेवण दुसरीच्या सर्वस्वी उलट, हा डार्विनचा मुद्दा. चित्रकाराला यातून मिळणारा धडा असा, की मांजराचा भाव चेहऱ्यात शोधू नये. तो पाठीच्या कण्यात, कानांत आणि शेपटीत शोधावा. कुत्र्याची गोष्ट निराळी. कुत्रा आणि लांडगा यांच्या स्नायूंची तुलना करणारे एक संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत नीट विकसित झालेला आणि लांडग्यांत जेमतेम असलेला आढळला. कुत्र्याच्या डोळ्यांतील जी आर्जवी करुणा आपल्याला विरघळवते, ती काही अंशी आपणच, हजारो वर्षांच्या सहवासात, निवडून घडवली असावी. २०२० मध्ये इंग्लंडमधील अभ्यासकांनी दाखवून दिले, की माणसाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरही तसेच डोळे अर्धवट मिटून प्रतिसाद देते. आपल्या म्हणीने ज्या डोळे मिटण्याला ढोंग ठरवले, ते कदाचित विश्वासाचे चिन्ह असेल.

हे सारे मी ज्या निमित्ताने वाचू लागलो, ते आता सांगितले पाहिजे. माझ्या पत्नीच्या निधनानंतर घरात मी आणि मनी असे दोघेच उरलो. मनी ही तीन रंगांची, साधी गावठी मांजर. पत्नीने ती पिल्लू असताना जिन्याखालून आणली होती. मरणोत्तर विधींच्या दिवसांत आलेगेले सगळे एक दृश्य पाहत. खिडकीजवळच्या, पत्नी जिच्यात बसून वाचत असे त्या खुर्चीच्या हातावर मनी तासन् तास बसून असे. “दादा, मुकं जनावर, पण कशी वाट बघतंय बघ,” असे म्हणून माझ्या बहिणीने पदराने डोळे टिपले. पुतणी तेव्हा राहायला आली होती. बहिणीने तिला गळ घातली, की हेच चित्र काढ. रिकामी खुर्ची, वहिनीचा चष्मा आणि वाट पाहणारी मनी.

पुतणीने लगेच होकार दिला नाही. “आत्या, मला आधी तिला बघू दे,” एवढेच ती म्हणाली. पुढचे दहा-बारा दिवस ती वही घेऊन मनीच्या मागे होती. पहिल्या काही पानांवर डोळे नव्हतेच. नुसत्या पाठीच्या रेषा, पंजे दुमडून घेण्याच्या तऱ्हा आणि कानांचे कोन. डोळे का नाहीत, असे विचारले तेव्हा तिने मला एक साधी गोष्ट दाखवली. दुपारी उन्हात मनीच्या बाहुल्या उभ्या चिरेएवढ्या बारीक होत आणि ती क्रूर दिसे. दिवेलागणीला त्याच बाहुल्या वाटोळ्या, काळ्याभोर होत आणि ती अनाथ बालकासारखी दिसे. “काका, यात तिच्या मनाचं काही नाही, हा सगळा उजेडाचा खेळ आहे. तुम्हांला कोणती वेळ हवी ते सांगा, तसं दुःख काढून देते,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा होती, पण निष्ठुरपणा नव्हता.

तिने आणखी एक गोष्ट टिपली. खुर्चीच्या त्या हातावर सकाळी नऊ ते अकरापर्यंत ऊन येई आणि मनी नेमकी त्या वेळात तेथे बसे. पत्नी असतानाही ती तेथेच बसत असे. आम्ही तेव्हा त्याला वाट पाहणे म्हटले नव्हते. पण संध्याकाळी सहाच्या सुमारास मनी घरभर फिरून एका विशिष्ट, तुटक स्वरात ओरडे, हेही खरे होते. ती पत्नीने तिला दूध देण्याची वेळ. दूध मी देत होतोच. दूध पिऊन झाल्यावरही ती ओरडत असे. त्या ओरडण्याला भूक म्हणावे की शोक, हे मला सांगता येत नव्हते. शोक म्हणावे असे फार वाटत होते, कारण तसे म्हटल्याने माझ्या शोकाला घरात एक सोबती मिळत होता. त्या सोबतीची मला किती गरज होती हे मीच जाणतो. आणि म्हणूनच त्या बाबतीतील माझी साक्ष ग्राह्य धरू नये, हेही मी पुतणीला सांगितले.

चित्र जलरंगात झाले. त्यात खुर्चीचा फक्त हात दिसतो. रिकामी जागा कागदाच्या बाहेर राहिली आहे. चष्मा नाही. ऊन पाठीवर पडले आहे आणि पिवळ्या-काळ्या ठिपक्यांच्या कडा त्या उन्हात विरघळल्या आहेत. मिशांसाठी तिने पांढरा रंग वापरला नाही. वाळलेल्या रंगावर पात्याचे टोक ओढून कागदाची शुभ्रता उघडी केली आहे. डोळे अर्धे मिटलेले आहेत, म्हणजे बाहुल्यांचा प्रश्नच तिने बाजूला सारला. आणि उजवा कान समोर असताना डावा कान मागे, स्वयंपाकघराच्या दिशेने वळलेला आहे.

बहिणीला चित्र आवडले नाही. “यात काही दिसतच नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने ते योग्यच होते. तिला वहिनीची आठवण हवी होती. मी मात्र त्या डाव्या कानापाशी थांबलो. पातेल्यावरचे झाकण सरकल्याचा आवाज झाला की मनीचा तो कान, झोपेतसुद्धा, तसा वळत असे. झाकण सरकवणारा हात पत्नीचा असे. पुतणीला हे कोणी सांगितलेले नव्हते. ती आली तेव्हा झाकण मी सरकवत होतो आणि कान माझ्यासाठीही वळत होता. म्हणजे चित्रात पत्नी आहे असे म्हणता येत नाही. चित्रात आहे ती मनीची एक सवय, जी एका माणसाच्या हातून तयार झाली आणि तो हात गेल्यावरही तिच्या देहात राहिली. मनीला दुःख होत होते की नाही, याचा निवाडा ते चित्र करत नाही. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रात म्हटले आहे, की निजलेला चेतनायुक्त आणि मेलेला चैतन्यरहित दाखवू शकतो तोच चित्र जाणतो. अर्धवट निजलेल्या जिवाच्या एका कानात चेतना ठेवणे, हे त्या कसोटीला उतरणारे काम आहे, असे समीक्षक म्हणून मी म्हणेन. घरातला माणूस म्हणून मला एवढेच म्हणता येते, की ते चित्र पाहताना मला रडू आवरावे लागत नाही आणि ते आले तर खोटेही वाटत नाही.

पुढच्या वर्षी मनी गेली. पुतणीचा व्यवसाय आता वाढला आहे आणि त्यात मृत प्राण्यांच्या चित्रांच्या मागण्याच अधिक असतात. प्रत्यक्ष पाहणे तेथे शक्य नसते. हाती असतात ती माणसाकडे पाहताना टिपलेली छायाचित्रे. म्हणून ती छायाचित्रांबरोबर दोन गोष्टी लिहून मागवते: तुमच्याकडे लक्ष नसताना तो काय करत असे, आणि कोणत्या आवाजाला उठत असे. काहीजणांना हे प्रश्न विचित्र वाटतात. बहुतेकजण मात्र पानेच्या पाने लिहितात. त्यांतील काही तिने मला त्या मालकांच्या संमतीने वाचायला दिली. साहित्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो, की त्यांत अलंकार फार थोडे आहेत आणि निरीक्षण विलक्षण सूक्ष्म आहे. शोकाला वर्णनाचे काम मिळाले की तो शहाणा होतो.

राजस्थानी दरबारांतील चित्रकार लाडक्या घोड्याचे किंवा हत्तीचे चित्र काढत तेव्हा त्याचे नाव चित्रावर लिहून ठेवत. पुतणीही चित्राच्या पाठीमागे प्राण्याचे नाव लिहिते. मालकाचे लिहीत नाही. गेल्या हिवाळ्यात तिची काही चित्रे एका लहानशा दालनात लागली, त्यांत मनीचे चित्र मी पाठवले होते. ते माझ्या ओळखीचे आहे हे ठाऊक नसलेली एक बाई त्यासमोर बराच वेळ उभी होती. मग तिने सोबतच्या मुलाला विचारले, “हिला मागे काय ऐकू आलं असेल रे?”